मृत्युदर कोणाचा कमी?

मुदखेड जंक्शनला मनमाड-सिकंदराबाद मार्गातून आदिलाबादकडे जाणारा फाटा फुटतो. त्या गावातल्या एका शाळेत नववीच्या वर्गात शेकडेवारीचा तास चालू होता आणि आम्ही मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. गुरुजींनी फळ्यावर भारताच्या नमुना नोंदणी पद्धतीतले २०२० सालचे आकडे लिहिले होते. दर हजार लोकसंख्येमागे वर्षभरात झालेले मृत्यू : बिहार ५.४, महाराष्ट्र ५.५, संपूर्ण भारत ६.०, केरळ ७.०. शेवटी तुलनेसाठी जपान : ११ च्या आसपास. खिडकीजवळच्या एका मुलीने हात वर केला. "सर, मग बिहार केरळपेक्षा बरा का? आणि जपानात तर आपल्या दुपटीने माणसे मरतात!"

वर्ग हसला. पण मुलीचे गणित बरोबर होते आणि फळ्यावरचे आकडेही बरोबर होते. तरीही 'जपानपेक्षा आपण निरोगी' हा निष्कर्ष कोणालाच पटेना. घंटा झाली आणि प्रश्न तसाच राहिला. संध्याकाळी गुरुजींबरोबर चहा घेताना आम्ही त्याच प्रश्नावर बोलत होतो. त्या बोलण्यातून हा लेख निघाला.

देशादेशांची तुलना करणारे तक्ते आता सर्रास वाचायला मिळतात. अमुक देश आरोग्यात कितवा, तमुक देश विकासात कितवा. स्पर्धा परीक्षांसाठी मुले ते क्रमांक पाठही करतात. क्रमांक कसा निघाला हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. ते विचारायला हवे, कारण या आकड्यांवरून कुठे दवाखाना उघडायचा, कुठे पैसा द्यायचा हे ठरते.

दोन वाड्यांचे गणित

समजा, धाकटेवाडी आणि थोरलेवाडी अशी दोन गावे आहेत. दोन्हींची लोकसंख्या प्रत्येकी १०,०००. धाकटेवाडीत साठीच्या आतले ९,००० आणि साठीपुढचे १,००० लोक आहेत. तिथे वर्षभरात साठीच्या आतल्यांपैकी हजारी ५ आणि साठीपुढच्यांपैकी हजारी ५० लोक मरण पावतात. म्हणजे ४५ अधिक ५०, एकूण ९५ मृत्यू. हजारी दर ९.५.

थोरलेवाडीत साठीच्या आतले ७,००० आणि साठीपुढचे ३,००० आहेत. इथे साठीच्या आतल्यांचा दर हजारी फक्त २ आणि साठीपुढच्यांचा ४०. म्हणजे १४ अधिक १२०, एकूण १३४ मृत्यू. हजारी दर १३.४.

आता गंमत पाहा. तरुण घ्या किंवा म्हातारे घ्या, दोन्ही वयांत थोरलेवाडीत मरण्याची शक्यता कमी आहे. तरीही एकूण दर तिथेच जास्त. कारण उघड आहे : तिथे म्हातारी माणसे जास्त आहेत आणि म्हातारी माणसे अधिक मरतात. ती म्हातारी होईपर्यंत जगली हेच तर त्या गावाचे यश.

या दराला ढोबळ मृत्युदर म्हणतात. नावातच इशारा आहे. तुलना करायची तर दोन्ही गावांना एकाच मापाची लोकसंख्या द्यावी लागते. ८,००० तरुण आणि २,००० वृद्ध अशी एक कल्पित 'प्रमाण लोकसंख्या' घेऊ या. त्या लोकसंख्येला धाकटेवाडीचे दर लावले तर ४० अधिक १००, म्हणजे १४० मृत्यू, दर १४. थोरलेवाडीचे दर लावले तर १६ अधिक ८०, म्हणजे ९६ मृत्यू, दर ९.६. क्रम उलटला! याला वय-प्रमाणित मृत्युदर म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने देशांच्या तुलनेसाठी अशी एक प्रमाण लोकसंख्या ठरवून दिलेली आहे. तिच्यात दोनऐवजी पुष्कळ वयोगट असतात, पण रीत हीच.

फळ्यावरच्या आकड्यांचेही असेच आहे. २०२१ च्या अंदाजानुसार केरळात साठीपुढचे लोक शेकडा १६.५ होते, बिहारमध्ये शेकडा ८ सुद्धा नव्हते. जपानात तर पासष्टीपुढचेच शेकडा २८ हून अधिक आहेत. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर एवढ्यात मिळाले. पण खरी अडचण पुढेच आहे.

वर्षाच्या आतले बाळ

वयाची ही भानगड टाळण्यासाठी पूर्वीपासून एक वेगळा आकडा वापरतात : अर्भक मृत्युदर. एका वर्षात जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे पहिल्या वाढदिवसाआधी दगावलेली बाळे किती? इथे छेदात म्हातारे नाहीत, तरुण नाहीत, फक्त बाळे. शिवाय बाळ जगणे हे अनेक गोष्टींवर अवलंबून असते. आईचे लग्नाच्या वेळचे वय, तिचे जेवण, तिचे शिक्षण, पिण्याचे पाणी, लसीकरण, रात्री दोन वाजता मिळणारी गाडी. एका आकड्यात इतके सारे सामावते म्हणून तज्ज्ञांना तो आवडतो.

२०२० साली हा दर केरळात ६ होता, महाराष्ट्रात १६, बिहारमध्ये २७, मध्य प्रदेशात ४३ आणि संपूर्ण भारतात २८. जपानात तो २ च्या आसपास आहे. आता क्रम आपल्या अनुभवाशी जुळतो. आणि १९७१ साली भारताचा दर १२९ होता हे लक्षात घेतले तर पन्नास वर्षांत किती मजल मारली तेही कळते. त्या काळी हजारातली १२९ बाळे पहिले वर्ष पाहत नव्हती. आपल्या आज्यांना विचारा. 'सात झाली, चार राहिली' असे सहज सांगणाऱ्या कितीतरी आज्या मराठवाड्यात आजही भेटतील.

आजीचे हे वाक्यसुद्धा मोजमापाच्या कामी येते. विल्यम ब्रास या संख्याशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात आफ्रिकेतल्या देशांसाठी, जिथे जन्ममृत्यूच्या नोंदीच नव्हत्या तिथे, एक युक्ती काढली. निरनिराळ्या वयाच्या बायकांना एवढेच विचारायचे : किती मुले झाली, किती हयात आहेत? त्यावरून गेल्या काही वर्षांतला बालमृत्यूचा दर गणिताने काढता येतो. भारताच्या १९८१ पासूनच्या जनगणनांमध्ये हे प्रश्न होते आणि जिल्हावार अंदाज त्यावरूनच बांधले गेले. (वर्गातल्या मुलांना हा प्रश्न घेऊन घरोघर पाठवू नका. तो विचारायला वय आणि ओळख लागते. घरच्या आजीला विचारणे वेगळे.)

वहीत काय लिहिले जाते?

अर्भक मृत्युदर काढायला दोन गोष्टी हव्यात : जन्मांची संख्या आणि मृत्यूंची संख्या. दोन्ही कुठून येतात? कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी वहीत कोणी तरी लिहितो तिथून. स्वीडनमध्ये चर्चच्या वह्यांवरून १७४९ पासून सगळ्या देशाची अशी आकडेवारी जमवली जाते. आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. २१ दिवसांच्या आत खबर द्यायची, नोंद विनाशुल्क होते. त्याआधी, आणि त्यानंतरही बरीच वर्षे, खेड्यात जन्मतारीख ठरवायचे काम शाळेकडेच असे. ज्यांचा वाढदिवस १ जूनला येतो असे शिक्षक आपल्या प्रत्येक शाळेत निघतील! १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. त्या तारखेनंतर जन्मलेल्यांच्या शाळाप्रवेशाला जन्मदाखला हाच पुरावा आहे. त्यामुळे जन्मांची नोंद आता बहुतेक होते.

मृत्यूचे तसे नाही. जमीन नावावर करायची, विम्याचे किंवा पेन्शनचे काम असले की मृत्यूचा दाखला लागतो. दोन दिवसांच्या बाळाच्या नावावर ना सातबारा ना पेन्शन. त्याचा दाखला कशाला हवा? घरचे लोक दुःखात असतात, बाळाचे नावही ठेवलेले नसते, बारसे व्हायचे असते. ते वावराच्या कडेला पुरले जाते आणि नोंद राहून जाते. म्हणजे छेदात जन्म असतो, पण अंशात मृत्यू नसतो. दर आपोआप कमी दिसतो. नोंदणी जितकी ढिसाळ, तितका तो प्रदेश निरोगी! ही विपरीत गोष्ट तुलनेच्या तक्त्यात कुठेही लिहिलेली नसते.

दुसरी अडचण व्याख्येची. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे जन्मानंतर बाळाने एकदा जरी श्वास घेतला, त्याचे हृदय धडधडले, नाळेत ठोका लागला किंवा स्नायूंची हालचाल दिसली, तरी तो जिवंत जन्म. मग ते बाळ दहा मिनिटांनी गेले तरी आधी जन्माची नोंद व्हायला हवी आणि नंतर मृत्यूची. पण प्रत्यक्षात 'मेलेलेच जन्मले' असे लिहून मोकळे होणे सोपे. मृतजन्म अर्भक मृत्युदरात धरला जात नाही. असे केवळ खेड्यात होते असे नव्हे. सोव्हिएत संघात १,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे किंवा २८ आठवड्यांच्या आत जन्मलेले बाळ सात दिवसांच्या आत गेले तर त्याला गर्भपातात जमा करण्याचा नियमच होता. बाल्टिक देश सोव्हिएत संघातून बाहेर पडले, त्यांनी जागतिक व्याख्या स्वीकारली आणि तिथला दर वाढलेला दिसला. बाळे जास्त मरू लागली म्हणून तेवढा वाढला नाही, ती मोजली जाऊ लागली म्हणूनही वाढला.

तिसरी अडचण जागेची. कायद्याप्रमाणे नोंद घटना घडली तिथे होते. मुदखेड तालुक्यातली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते, अवघड वाटले तर नांदेडला जाते. बाळ नांदेडला जन्मले, नोंद नांदेडला. दुर्दैवाने गेले तर तेही नांदेडच्या खाती. नांदेडच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात हिंगोली, परभणी, यवतमाळ एवढेच नव्हे तर शेजारच्या तेलंगणातूनही रुग्ण येतात. २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे २४ तासांत २४ मृत्यू झाल्याची बातमी देशभर गेली. त्यांत १२ नवजात बाळे होती. आकडा हादरवणारा होता आणि चौकशी व्हायलाच हवी होती. पण त्या दिवसांत जे अंदाज बांधले गेले त्यांत छेद बहुधा नव्हताच. त्या दिवशी किती बाळे दाखल होती? ती कुठून, किती उशिरा, किती वजनाची आली? इतर दिवशी किती दगावतात? हे कळल्याशिवाय दोष उपचारांचा, औषधांच्या तुटवड्याचा की तालुक्याच्या दवाखान्यातून उशिरा पाठवण्याचा, हे सांगता येत नाही. छेद मागणे म्हणजे कोणाला वाचवणे नव्हे. उलट छेद हाती असेल तरच नेमकी जबाबदारी ठरवता येते.

अशीच गोष्ट करोनाच्या काळात सगळ्या देशाच्या बाबतीत घडली. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात करोनाने सुमारे ४.८ लाख मृत्यू झाल्याचे सरकारी आकडे सांगत होते. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये अंदाज दिला तो ४७ लाख जादा मृत्यूंचा. भारत सरकारने त्यामागच्या पद्धतीला हरकत घेतली. पुढे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या नागरी नोंदणीनुसार देशात नोंदलेले मृत्यू २०१९ साली ७६ लाख, २०२० साली ८१ लाख आणि २०२१ साली १ कोटी २ लाख होते. पण नोंदणीही वर्षागणिक सुधारत होती. मग वाढीतला किती भाग रोगाचा आणि किती सुधारलेल्या नोंदीचा? वाद इथेच अडतो. आधीच्या वर्षांच्या वह्या भरलेल्या असत्या तर हा वाद इतका लांबला नसता.

आधी मोजणी, मग औषध

महाराष्ट्रात या प्रश्नाला भिडलेले सर्वांत ठळक काम गडचिरोलीतले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था तिथे सुरू केली. त्यांच्या कामाचा पाया घरोघरच्या मोजणीचा होता. किती जन्मले, किती गेले, कोणत्या दिवशी, कशाने. मोजल्यावर दिसले की दगावणाऱ्या अर्भकांतली बहुसंख्य पहिल्या महिन्यातच जातात, आणि त्या महिन्यात खेड्यातली बाळंतीण घराबाहेर पडत नाही. मग दवाखाना कितीही चांगला असून उपयोग काय? उपाय घरातच न्यायला हवा.

गावातल्याच बायकांना शिकवून त्यांनी आरोग्यदूत तयार केल्या. बाळाला ऊब देणे, श्वास अडकला तर तो सुरू करणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखून औषध देणे ही कामे त्या करू लागल्या. ३९ गावांत हा प्रयोग झाला आणि शेजारच्या ४७ गावांत केवळ मोजणी चालू राहिली. प्रयोगाच्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी साधारण २६ वर आला. शेजारच्या गावांत तो ६० च्या आसपासच राहिला. १९९९ च्या डिसेंबरमध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा निबंध आला. २०११ पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्या नवजात बाळाच्या घरी ज्या ठरलेल्या भेटी देतात, त्यांची मुळे या कामात आहेत. आपल्या गावातली आशाताई बाळाचे वजन करायला येते तेव्हा हे आठवावे.

२००१ साली बंग आणि इतर संस्थांच्या कार्यकर्त्यांनी मिळून महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवर 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. निरनिराळ्या भागांत घरोघर जाऊन केलेल्या मोजणीत जे मृत्यू सापडले, त्यांतले बरेच सरकारी नोंदीत नव्हतेच. यावर शासनाने बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. आम्हाला या साऱ्या प्रकरणात महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट. आकडा वाढला की वरून विचारणा होते, म्हणून खालचा माणूस आकडा कमी लिहितो. खरे लिहिणाऱ्याला शिक्षा होते आणि न लिहिणाऱ्याला शाबासकी मिळते. परीक्षेच्या निकालाबाबत आपण शिक्षकांनी हे पुरेपूर अनुभवलेले आहे.

दोन याद्यांची युक्ती

मग नोंदी अपुऱ्या आहेत हे ओळखायचे कसे? जे लिहिलेच नाही ते मोजणार कसे? याचे उत्तर देणारी एक सुरेख कल्पना भारतातच वापरून पाहिली गेली. सी. चंद्रशेखरन आणि डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९ मध्ये ती मांडली, बंगालमधल्या सिंगूर भागातल्या नोंदींच्या आधारे. (जपानी कारखान्यांना गुणवत्तेचे धडे देणारे ते हेच डेमिंग.)

समजा, एका गावात वर्षभर एक माणूस जन्म लिहीत राहिला. त्याच्या यादीत ४० जन्म आहेत. वर्षाअखेरीस दुसऱ्याच कोणी तरी, पहिली यादी न पाहता, घरोघर जाऊन विचारले. त्याच्या यादीत ३६ जन्म आले. दोन्ही याद्या जुळवून पाहिल्या तर ३२ बाळे दोन्हींकडे आहेत. आता विचार करा. दुसऱ्याला सापडलेल्या ३६ पैकी ३२ पहिल्याकडे होती, म्हणजे पहिल्याच्या जाळ्यात नवांतली आठ सापडतात. मग त्याची ४० ही संख्या खऱ्या संख्येच्या आठ नवमांश असली पाहिजे. खरे जन्म ४५. दोन्ही याद्या मिळून ४४ होतात. म्हणजे कोणालाच न सापडलेले एक बाळ आहे!

भारताची नमुना नोंदणी पद्धत, जिच्यातले आकडे मुदखेडच्या फळ्यावर होते, ती याच कल्पनेवर उभी आहे. १९६४-६५ मध्ये प्रायोगिक रूपात सुरू होऊन १९६९-७० पासून ती देशभर झाली. निवडलेल्या गावांत आणि शहरी वस्त्यांत स्थानिक अर्धवेळ गणक, बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडीसेविका, सतत नोंद ठेवतात. दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक स्वतंत्रपणे घरोघर पाहणी करतो. याद्या जुळवतात आणि जे जुळत नाही त्याची पुन्हा गावात जाऊन खातरजमा करतात. सूत्राने अंदाज बांधून न थांबता प्रत्यक्ष पडताळणी होते, हे तिचे वैशिष्ट्य.

युक्तीला एक अट आहे. दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. गावापासून दूरचा तांडा पहिल्या माणसाने टाळला आणि दुसऱ्यानेही टाळला, तर जुळवाजुळव उत्तम होईल आणि तांड्यावरचे बाळ कायमचे हरवेल.

एक मृत्यू, दर ६३

नमुना पद्धतीचे आकडे राज्यापुरते ठीक. जिल्ह्याला नमुना अपुरा पडतो, तालुक्याचे तर बोलायलाच नको. का, ते पाहू. एक लाख वस्तीचा तालुका घ्या. हजारी १६ जन्म धरले तर वर्षाला १,६०० बाळे. अर्भक मृत्युदर १६ असेल तर वर्षाला सुमारे २६ मृत्यू. पण दरवर्षी नेमके २६ होणार नाहीत. केवळ योगायोगाने २१ होतील, कधी ३१ होतील. २६ चे वर्गमूळ सुमारे ५, आणि एवढा चढउतार नेहमीचाच. ३१ वरून २१ झाले म्हणून सत्कार आणि २१ वरून ३१ झाले म्हणून निलंबन, दोन्ही अडाणीपणा.

मातामृत्यूंत हे आणखी विचित्र होते. २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू भारतात ९७, महाराष्ट्रात ३३, केरळात १९ आणि आसामात १९५ होते. महाराष्ट्राच्या दराने आपल्या तालुक्यात दोन वर्षांतून एक मातामृत्यू होईल. ज्या वर्षी झाला त्या वर्षी दर ६३, ज्या वर्षी नाही झाला त्या वर्षी शून्य. अशा वेळी दर काढायचाच नसतो. ती बाई कोण होती, त्रास कधी सुरू झाला, गाडी कधी आली, रक्त कुठे मिळाले नाही, हे एकेक करून विचारायचे असते. छोट्या देशांचे क्रमांक दरवर्षी वरखाली होताना दिसतात त्यातही हा प्रकार असतो.

क्रमांक कसा लागतो?

आरोग्य, शिक्षण, उत्पन्न यांचा एकच आकडा करून देशांना ओळीत उभे करण्याची कल्पना १९९० मध्ये पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे आणली. हाच मानव विकास निर्देशांक. अमर्त्य सेन त्यांच्या साथीला होते, पण इतके सारे एका आकड्यात कोंबणे सेन यांना सुरुवातीला पटले नव्हते. हक यांचे म्हणणे असे, की राष्ट्रीय उत्पन्नाच्या एका आकड्याला हटवायचे तर समोर दुसरा एक आकडाच उभा करावा लागेल. ते बरोबर ठरले असे म्हणावे लागते.

आकडा कसा करतात यावर क्रमांक ठरतो. एका देशाचे तीन गुण ०.९, ०.९ आणि ०.३ आहेत, दुसऱ्याचे तिन्ही ०.७. सरळ सरासरी काढली तर दोघे ०.७ वर बरोबरीत. तिन्हींचा गुणाकार करून घनमूळ काढले तर पहिला ०.६२ वर घसरतो, दुसरा ०.७ वरच राहतो. २०१० पासून हा निर्देशांक दुसऱ्या रीतीने काढतात, म्हणजे एका विषयातला नापास दुसऱ्यातल्या गुणांनी झाकला जात नाही. देश तोच, माहिती तीच, क्रमांक वेगळा.

२०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्य देशांनी शाश्वत विकासाची १७ ध्येये आणि १६९ लक्ष्ये मान्य केली. मुदत २०३० ची. त्यांपैकी तिसरे ध्येय आरोग्याचे. नवजात मृत्युदर हजारी १२ किंवा त्याखाली, पाच वर्षांखालील बालकांचा २५ किंवा त्याखाली. महाराष्ट्राचे हे दर २०२० मध्येच अनुक्रमे ११ आणि १८ होते. पेढे वाटायला हरकत नाही. पण या सरासरीत मुंबई आहे, पुणे आहे आणि मेळघाटही आहे. राज्याने लक्ष्य गाठले म्हणजे तांड्याने आणि पाड्याने गाठले असे होत नाही.

नळ आहे, पाणी आहे का?

'शाश्वत' या शब्दाने तुलनेत एक नवा प्रश्न आणला : आज जे मिळवले ते कशाच्या जिवावर, आणि उद्या टिकेल का? २०२० च्या मानव विकास अहवालात देशांचे कार्बन उत्सर्जन आणि साधनांचा वापर जमेस धरून निर्देशांक पुन्हा काढून पाहिला, तर पहिल्या क्रमांकावरचा नॉर्वे १५ जागा खाली गेला.

आपल्याला नॉर्वेपर्यंत जायचे कारण नाही. लातूरला जाऊ. शहराला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पोचलेल्या पहिल्या गाडीला १० टाक्या होत्या, पाणी ५ लाख लिटर. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या पुढे होती. भागाकार करा : माणशी सव्वा लिटरच्या आसपास. पुढे ५० टाक्यांची गाडी सुरू झाली तेव्हा माणशी साडेसहा लिटर, म्हणजे एक कळशीसुद्धा नाही.

त्याच वर्षी 'घरात किंवा अंगणात नळ आहे काय?' असे कोणी विचारले असते तर लातूरकराने 'आहे' असेच सांगितले असते. देशांच्या जुन्या तुलनेत असेच मोजत. २०१५ पर्यंतच्या सहस्रक विकास ध्येयांत 'सुधारित स्रोत', म्हणजे नळ, हातपंप, बांधलेली विहीर असली की पुरे होते. त्या मापाने जगाने पाण्याचे लक्ष्य २०१० मध्येच गाठल्याचे जाहीर झाले. नव्या ध्येयांत व्याख्या कडक केली : पाणी घराच्या आवारात हवे, गरज असेल तेव्हा हवे आणि दूषित नको. माप बदलताच अनेक देश मागे गेले. आम्हाला हे नवे माप अधिक प्रामाणिक वाटते. पण तेही आजचेच पाणी पाहते. भूजल किती खोल गेले, उद्याच्या उन्हाळ्याला किती उरले, हे त्यात येत नाही. ज्या गावात दरवर्षी बोअर आणखी खोल घ्यावे लागते, तिथले आजचे आरोग्याचे आकडे चांगले असले तरी ते उधारीवरचे आहेत.

वर्गात करून पाहा

आकडेवारी शिकवायला दोन याद्यांचा प्रयोग फार चांगला. गेल्या वर्षभरात आपल्या वस्तीत जन्मलेल्या बाळांची एक यादी मुलांनी अंगणवाडीताईंकडून घ्यावी. दुसरी यादी वेगळ्या मुलांच्या गटाने, पहिली न पाहता, आपापल्या गल्लीत विचारून करावी. नावाबरोबर आईचे नाव आणि महिना लिहावा, नाही तर जुळवताना घोळ होतो. बारशाआधी 'बाळ' आणि नंतर 'आराध्या' अशी एकच मुलगी दोनदा मोजली जाते. प्रसूती माहेरी झाली असेल तर बाळ कोणत्या गावाचे धरायचे हे आधी ठरवून घ्या आणि शेवटपर्यंत तेच पाळा. मृत्यूंची यादी मुलांकडून करवू नये. तेवढे गुरुजींनी आशाताईंशी बोलून पाहावे.

मुदखेडच्या गुरुजींना हा प्रयोग लगेच, दिवाळीच्या सुट्टीनंतर करायचा होता. आम्ही त्यांना थांबायला सांगितले. तेव्हा ऊसतोडीला गेलेल्या घरांना कुलूप असते आणि दोन्ही याद्यांतून नेमकी तीच बाळे गळतात. कारखान्यांचा हंगाम संपून माणसे गावी आली की, शाळा सुटायच्या आधीच्या आठवड्यात, यादी करायची असे ठरले आहे.